जुन्या बुलेटचा प्लग काळा येतो : प्लगवरून इंजिनची प्रकृती कशी ओळखावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची, पॉइंटवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या संपर्कावर) चालणारी, लोखंडी बॅरलची ३५० सीसी बुलेट आहे. गाडी वाईला असते. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ती पसरणी घाट चढून पाचगणीला जाते. एरवीचा वापर बाजार आणि बँक एवढ्याच फेऱ्यांचा, म्हणजे इंजिन पुरते तापायच्या आत गाडी पुन्हा स्टँडवर लागते. मागच्या हिवाळ्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले, व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यात सरकतात ते गाइड तपासून घेतले आणि त्याच वेळी नवा प्लग बसवला. गाडी चालायला चांगली आहे. एक-दोन किकमध्ये सुरू होते, चढाला दम टाकत नाही, सायलेन्सरमधून धूर दिसत नाही. तक्रारी दोनच आहेत. पूर्वी लिटरला ३५ च्या आसपास मिळणारे ॲव्हरेज ३० वर आले आहे. आणि बाजाराच्या गर्दीत गाडी बराच वेळ स्लोवर (थ्रॉटल न देता इंजिन चालू ठेवून) उभी राहिली की नंतर थ्रॉटल देताना फायरिंग चुकते आणि थोडे अंतर गेल्यावर ती आपोआप मोकळी होते.

प्लग जेव्हा काढावा तेव्हा काळाच निघतो. अधिक नेमके सांगायचे तर आट्यांच्या टोकाची गोल कड पूर्ण काळी असते आणि त्या काळ्याला बोट लावले तर ते कोरडे, भुकटीसारखे बोटावर येते. मधल्या चिनी मातीच्या भागाचे टोक मळकट करडे दिसते. वरून वाकवलेल्या पट्टीवरही काजळी आहे. शिवाय प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर, पाना लागतो त्या षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी रंगाचे एक वलय आले आहे, जे पुसून जात नाही.

एका मेकॅनिकच्या मते मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य भोक) मोठा झाला आहे, तो बदलून लहान टाकावा. दुसऱ्याच्या मते पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत आणि सिलिंडर बोअर करावेच लागेल. बाहेरचे तपकिरी वलय म्हणजे प्लगमधून कॉम्प्रेशन गळत असल्याची खूण आहे, असेही त्याने सांगितले. ओळखीच्या एका जुन्या बुलेटवाल्यांचे म्हणणे असे की घाटावर हवा विरळ असल्यामुळे प्लग काळा होणारच, त्याकडे लक्ष देऊ नये. सर्वांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, ते म्हणजे प्लगचा रंग दुधाळ कॉफीसारखा असला पाहिजे.

माझे प्रश्न असे. प्लग कोणत्या वेळी काढून पाहिला तर त्यावर विसंबता येते? प्लगच्या कोणत्या भागावरून काय समजते? आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असताना कॉफीच्या रंगाची ही कसोटी लागू राहते का? जेट किंवा रिंगा यांवर खर्च करण्याआधी मला हे समजून घ्यायचे आहे.

जुनाकार्बोरेटर

आपण प्लगचे वर्णन बारकाईने दिले आहे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी इथेच निकालात काढता येतील. सर्वप्रथम रिंगांचा प्रश्न. ऑइल वर येत असेल तर प्लगवरचा काळा थर ओला, चकचकीत आणि चिकट असतो. तो बोटावर भुकटीसारखा येत नाही, तेलकट डाग सोडतो, आणि जुना झाला की पट्टीवर कडक पापुद्रे धरतो. आपली काजळी कोरडी आहे आणि धूरही नाही. रिंगा गेलेल्या गाडीला जोर देताना निळसर धूर येतो. गाइड सैल असतील तर उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली आल्यावर पहिल्यांदा थ्रॉटल उघडताच धुराचा एक लोट येतो. पसरणी घाट उतरून वाईत शिरताना मागून येणाऱ्या एखाद्या मित्राला एवढे पाहायला सांगावे. त्याला काही दिसले नाही तर बोअर करण्याचा विषय मनातून काढून टाकावा.

कोरडी काजळी याचा अर्थ पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्याची कारणे तीन असू शकतात : मिश्रण रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे), ठिणगी कमजोर आहे, किंवा प्लगचे टोक पुरेसे तापत नाही. चिनी मातीचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली राहिले तर काजळी साचत जाते, आणि काजळी विजेला वाट देत असल्यामुळे ठिणगी गॅपमध्ये पडण्याऐवजी चिनी मातीवरून गळून जाते. आपली गाडी स्लोवर उभी राहिल्यानंतर चुकते आणि थोडे अंतर गेल्यावर मोकळी होते, ती याच कारणाने. वरची मर्यादा सुमारे ८५० अंशांची धरतात. त्यापलीकडे टोकच निखाऱ्याचे काम करू लागते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते.

आता मुख्य मुद्दा. प्लग आपल्याला इंजिनची सरासरी प्रकृती सांगत नाही. बंद होण्यापूर्वी इंजिन ज्या स्थितीत चालत होते त्या स्थितीबद्दल तो बोलतो. आपण घाट उतरून, बाजारातून वाट काढत घरी येता, अंगणात गाडी मिनिटभर स्लोवर ठेवता आणि मग प्लग काढता. त्या प्लगवर चढाच्या वेळचे काहीच उरलेले नसते. त्यावरून मेन जेटबद्दल मत देणे सर्वस्वी चूक आहे, कारण त्या सगळ्या वेळात मेन जेट कामालाच आलेला नसतो. बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरमध्ये स्लोपासून थ्रॉटलच्या सुमारे आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट (स्लोचे पेट्रोल सोडणारे लहान भोक) आणि एअर स्क्रू यांचे राज्य असते. त्यापुढे पाव थ्रॉटलपर्यंत थ्रॉटलबरोबर वर सरकणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव जाणवतो. पावपासून पाऊण थ्रॉटलपर्यंत निडल आणि तिच्या क्लिपची खाच ठरवते. आणि मेन जेटचा अंमल खऱ्या अर्थाने पाऊण थ्रॉटलनंतरच सुरू होतो. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, तरी निदान करण्यापुरती ही विभागणी पुरेशी आहे. वाईच्या बाजारात कोणीही पाऊण थ्रॉटल उघडत नाही.

म्हणून मेन जेट तपासायचा असेल तर नवा प्लग घ्यावा. आधी जुन्या प्लगवर इंजिन पुरते तापवून घ्यावे, मग रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी नवा प्लग बसवावा, आणि रहदारी नसलेल्या सरळ, किंचित चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी ओढावी. एकाच ओढीत नव्या प्लगवर रंग चढत नाही, त्यामुळे अशा तीन-चार ओढी द्याव्या लागतात. शेवटच्या ओढीला थ्रॉटल उघडाच ठेवून क्लच दाबणे आणि इग्निशन बंद करणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी करावी, आणि गाडी तशीच घरंगळत कडेला आणावी. मध्ये एकदाही इंजिन स्लोवर चालू देऊ नये. प्लग गरम असतो आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. थोडे निवल्याशिवाय पाना लावला तर आटे ओढले जाण्याची भीती असते.

काढलेला प्लग नुसत्या डोळ्यांनी वरवर पाहून भागत नाही. सोनार किंवा घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग आणि बारीक झोताची विजेरी घ्यावी आणि चिनी मातीचा भाग लोखंडी कवचात जिथे खाली खोल बुडतो तिथे पाहावे. पूर्ण थ्रॉटलच्या मिश्रणाची खूण त्या तळाशी असलेल्या वलयात उमटते. वलय फिकट तपकिरी आणि अरुंद असेल तर मिश्रण ठीक आहे. रुंद, गडद आणि काजळीचे असेल तर रिच. वलयच नसेल आणि तळापर्यंत सगळे कोरे पांढरे असेल तर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. टोकाचा रंग बघून निर्णय देणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही, कारण टोक सर्वांत जास्त तापते आणि तिथला रंग काही सेकंदांत बदलतो.

वाकवलेल्या पट्टीवर वेगळी माहिती असते. नव्या प्लगच्या पट्टीवर उष्णतेमुळे रंग बदलल्याची एक सीमारेषा दिसते. ती पट्टीच्या वळणाच्या आसपास असावी. रेषा टोकाकडेच थांबली असेल तर पट्टी कमी तापली, म्हणजे बहुधा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे आहे; ती पार मुळाशी, जोडापर्यंत गेली असेल तर टायमिंग पुढे आहे असा संशय घ्यावा. यावरून टायमिंग लावू नये, त्यासाठी पिस्टनची उंची मोजण्याची रीतसर पद्धत आहे. पण लावलेले टायमिंग पटते का, हे या रेषेवरून कळते.

आणखी एक गोष्ट भिंगातून आवर्जून शोधावी. स्वच्छ चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा, त्याहून वाईट, चंदेरी बारीक गोळ्या दिसल्या तर ते नॉकिंगचे (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटण्याचे) लक्षण आहे. चंदेरी गोळ्या म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम. अशा प्लगची गाडी घरीसुद्धा चालवत नेऊ नये.

इंधनविचार

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र कॉफीच्या रंगाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण मूळ प्रश्नात सर्वांचे ज्यावर एकमत असल्याचे सांगितले आहे तीच गोष्ट आज सर्वांत कमी भरवशाची आहे.

प्लगच्या रंगांचे जे तक्ते गॅरेजच्या भिंतींवर वर्षानुवर्षे लटकत आले, ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत. त्या पेट्रोलमध्ये नॉकिंग टाळण्यासाठी टेट्राएथिल लेड मिसळलेले असे, आणि ते जळल्यावर शिशाची संयुगे चिनी मातीवर बसून तिला तो प्रसिद्ध फिकट तपकिरी रंग देत असत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर बंद झाली. आपली बुलेट त्या संधिकाळातली आहे. तिच्या पहिल्या मालकाने कॉफीचा रंग खरोखरच पाहिला असेल. आजच्या पेट्रोलमध्ये रंग देणारा तो घटकच नाही. त्यामुळे व्यवस्थित चालणाऱ्या इंजिनच्या प्लगचे टोक आज फिकट करडे किंवा जवळजवळ पांढरे दिसू शकते, आणि ते पाहून मिश्रण लीन असल्याचा निष्कर्ष काढून मोठा जेट टाकणारे पुष्कळ आहेत. आपल्या गाडीत तसा प्रकार मागे कधी झाला आहे का, हे जेटवरचा आकडा वाचून तपासून घ्यावे.

याच्या जोडीला एक सावधगिरी सांगतो. पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवण्याची बाटली टाकत असाल तर प्लग विटकरी किंवा नारिंगी होऊ शकतो. काही मिश्रणांत लोह किंवा मँगनीज यांची संयुगे असतात, त्यांचा तो रंग असतो. त्याचा रिच-लीनशी काही संबंध नाही.

आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला सुमारे ९ भागच पुरतात. हिशेब केल्यास १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हे प्रमाण १४.१ च्या जवळ येते आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलसाठी १३.५ च्या जवळ. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो हा फरक भरून काढतो. कार्बोरेटरला यातले काही कळत नाही. तो जेटच्या भोकातून पूर्वीइतकेच इंधन सोडतो. म्हणजे जेट न बदलता १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलेली गाडी सुमारे ४ टक्क्यांनी लीन झाली, आणि शुद्ध पेट्रोलवर लावलेली गाडी ८ टक्क्यांच्या आसपास.

घाटाचा हिशेबही याच तराजूत घालून पाहू. वाईची उंची सुमारे ७०० मीटर आणि पाचगणीची सुमारे १,३०० मीटर आहे. या ६०० मीटरच्या फरकाने हवेची घनता सहा टक्क्यांच्या जवळपास कमी होते. साध्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रिच होत असल्यामुळे प्रत्यक्ष परिणाम त्याच्या निम्मा, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास उरतो. नव्या पेट्रोलने गाडी जेवढी लीन केली तेवढीही ती पाचगणीला रिच होत नाही. शिवाय इथेनॉलच्या ज्वलनात काजळी मुळातच कमी धरते. त्यामुळे घाटामुळे प्लग काळा होतो हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. आजच्या पेट्रोलवर इतकी कोरडी काजळी धरत असेल तर कारण ठळक असले पाहिजे आणि ते सापडायलाही अवघड नसावे.

शोध कुठे घ्यावा, याचेही एक सुचवतो. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटखालची निडल टोकाला रबर असलेली असेल तर ते फुगून किंवा कडक होऊन सीटवर नीट बसत नाही, फ्लोटमधील पातळी वाढते आणि सगळ्याच टप्प्यांवर मिश्रण रिच होते. गाडी साइड स्टँडवर असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात का ते पाहावे. चोकच्या प्लंजरच्या तळाशीही रबर असते; ते खराब झाले तर चोक बंद करूनही थोडे जादा पेट्रोल आत जातच राहते, आणि त्याचा परिणाम स्लोवर सर्वांत जास्त जाणवतो.

आटेबारीक

इतके सगळे लिहून झाले, पण प्लगवर कोणता आकडा आहे हे कोणीच विचारले नाही.

आपण हेडच्या कामाच्या वेळी प्लग बदलला आणि त्यानंतर काळ्या रंगाची तक्रार सुरू झाली, असे आपल्याच लेखनातून दिसते. जुन्या लोखंडी बुलेटला पूर्वी मायकोचा डब्ल्यू १७५ मालिकेतला प्लग सर्रास बसवत. बंगळूरच्या त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, आणि आकड्यांची पद्धत तर त्याच्या आधीच बदलली होती; जुना १७५ म्हणजे नव्या पद्धतीतला ७. इथपर्यंत ठीक आहे. घोटाळा पुढे होतो. बॉशच्या नव्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग गरम असतो. एनजीके या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत याच्या नेमके उलटे, आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या ७ ला एनजीकेचा ६ जवळचा पडतो. दुकानात जाऊन ‘सातचाच द्या’ म्हटले आणि एनजीकेचा ७ हातात आला, तर गाडीत एक पायरी थंड प्लग बसतो. एका पायरीने टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. दिवसभर हायवेवर धावणाऱ्या गाडीला तो जाणवणारही नाही; पण बाजारापुरत्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा प्लग त्यामुळे काजळी जाळण्याच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही.

गरम आणि थंड हा गुण ठिणगीचा नसून चिनी मातीच्या नाकाच्या लांबीचा आहे. नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत पोहोचायला लांबची वाट पडते आणि टोक तापलेले राहते. आखूड असेल तर ते लवकर निवते. दोन्ही प्लग शेजारी धरून आत पाहिले तर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. आट्यांची लांबीही त्याच वेळी जुळवून घ्यावी, कारण आटे लांब असलेला प्लग आत डोकावतो आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो, तर आखूड असलेल्याचे टोक आत खड्ड्यात राहते.

बाहेरच्या तपकिरी वलयाबद्दल आपल्या मेकॅनिकने विनाकारण घाबरवले आहे. उच्च दाबाची वीज जाताना प्लगच्या बाहेरच्या चिनी मातीभोवती जे विद्युतक्षेत्र तयार होते, त्यामुळे हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे येऊन चिकटतात. त्याला कोरोनाचा डाग म्हणतात आणि तो निरुपद्रवी असतो. कॉम्प्रेशन खरोखर गळत असेल तर डाग षटकोनाच्या सांध्यापासून वर पट्ट्यांसारखा ओढलेला दिसतो, आणि साबणाचे पाणी लावून किक मारली तर बुडबुडे येतात.

प्लग साफ करण्याविषयीही लिहितो, कारण प्लग काळा दिसला की हमखास जे केले जाते ते बऱ्याचदा नडते. तारेच्या ब्रशने चिनी माती घासू नये; धातूचे कण तिच्यावर राहतात आणि विजेला काजळीपेक्षाही चांगली वाट मिळते. वाळूच्या मशीनवर साफ केलेल्या प्लगच्या आत, नाकाभोवतीच्या फटीत, वाळूचे दाणे अडकून राहतात, आणि ते सिलिंडरमध्ये उतरले की आपल्या मेकॅनिकचे रिंगांचे भाकीत खरे ठरायला वेळ लागत नाही. नवा प्लग फार महाग नाही. बसवताना आधी हाताने पूर्ण आवळावा, मग नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आणि वापरलेल्या वॉशरच्या प्लगला फेऱ्याचा केवळ बारावा हिस्सा द्यावा. टॉर्क पाना असल्यास १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. प्लग सैल राहिला तरी वॉशरमधून उष्णता हेडला जात नाही आणि टोक भलतेच तापते. मग पांढरा प्लग पाहून लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्लग एनजीकेचाच निघाला आणि त्यावर ७ हाच आकडा आहे. गाडीबरोबर मिळालेल्या जुन्या डबीत एक मायकोचा प्लग होता. दोन्ही शेजारी धरल्यावर नाकाच्या लांबीतला फरक लगेच दिसला. आटे मात्र सारखेच आहेत.

६ आकड्याचा नवा प्लग आणून, पॉइंट ०.३५ मिलिमीटरवर आणि प्लगचा गॅप ०.५ मिलिमीटरवर लावून, रविवारी पहाटे सुरूर फाट्याकडच्या रस्त्यावर सांगितल्याप्रमाणे ओढी देऊन पाहिल्या. वाईतल्या एका घड्याळजींनी भिंग दिले. तळाशी फिकट तपकिरी, अरुंद वलय सगळ्या बाजूंनी सारखे आहे. टोक जवळजवळ पांढरे आहे. पट्टीवरचा रंगबदल वळणाच्या किंचित खाली संपतो. ठिपके किंवा चंदेरी गोळ्या कुठेही नाहीत. जेटवरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळतो. घाट उतरताना मागे मित्राला ठेवले होते, त्याला धूर दिसला नाही.

मात्र तोच प्लग परत बसवून गाडी अंगणात दहा मिनिटे स्लोवर ठेवली आणि बंद करून प्लग पाहिला, तेव्हा लोखंडी कड पुन्हा काळी झाली होती. काजळी आधीपेक्षा कमी आहे आणि टोक स्वच्छ राहिले आहे. फायरिंग चुकणे थांबले आहे. ओव्हरफ्लोच्या नळीतून काही पडत नाही. ही कड काळी राहणे चालण्यासारखे आहे, की त्यावरही काही करावे?

जुनाकार्बोरेटर

आपल्या चाचणीने मेन जेटचा विषय संपला. त्याला आता हात लावू नये. टायमिंगही पटते. पांढऱ्या टोकाबद्दल वरती ‘इंधनविचार’ यांनी लिहिलेच आहे, तळाशी वलय असताना त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

स्लोवर लोखंडी कड थोडी काळी होणे हे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत नेहमीचे आहे, कारण ती कड थंड हेडला चिकटलेली असते आणि स्लोवर मिश्रण मुद्दाम थोडे रिच ठेवलेले असते. तरीही ॲव्हरेज घटलेले आहे, म्हणून पायलटचा टप्पा एकदा तपासून घ्यावा. आधी चोकचा प्लंजर बाहेर काढून त्याच्या तळाचे रबर पाहावे. त्यावर सीटची गोल चरी खोलवर उमटली असेल किंवा रबर कडक झाले असेल तर तो बदलावा आणि मगच एअर स्क्रूकडे वळावे, नाहीतर एका चुकीवर दुसरी चूक बसते. स्क्रू फिरवताना इंजिन पुरते तापलेले हवे, म्हणजे घाटातून आल्यावर. तो हलक्या हाताने आत बसवून दीड फेरा बाहेर घ्यावा आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने दोन्हीकडे फिरवत जिथे स्लो सर्वांत वर जाते ती जागा शोधावी. मिककार्बमध्ये हा स्क्रू हवेचा आहे, त्यामुळे बाहेर काढला की मिश्रण लीन होते आणि आत घेतला की रिच. वर गेलेली स्लो नंतर थ्रॉटल स्टॉपच्या स्क्रूने खाली आणावी. सर्वांत वरची जागा एक फेऱ्याच्या आतच सापडली तर पायलट जेट लहान आहे किंवा तुंबला आहे. अडीच-तीन फेरे बाहेर काढूनही स्लो वाढतच राहिली तर जादा पेट्रोल अन्य कुठून तरी येत आहे, असे समजून पुन्हा चोक आणि फ्लोट पाहावेत.

थ्रॉटल चटकन उघडल्यावर गाडी गुदमरून फटका मारू लागली तर स्क्रू पाव फेरा आत घ्यावा. २० टक्क्यांच्या पेट्रोलवर मी स्वतः सर्वांत वरच्या जागेपेक्षा एवढा आतच ठेवतो. कड थोडी काळी राहते, पण भर उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन कमी तापते.

कृष्णाकाठ

चोकच्या प्लंजरच्या रबरावर गोल चरी होती. नवा प्लंजर बसवला. स्क्रूची सर्वांत वरची जागा आता पावणेदोन फेऱ्यांवर येते, तो दीडवर ठेवला आहे. स्लोवर दहा मिनिटे ठेवून प्लग पुन्हा पाहिला. कडेवर पातळ करडी काजळी आहे, पट्टी स्वच्छ आहे. ॲव्हरेज पूर्ण टाकी संपल्यावर इथे लिहीन.